कायदा आणि कुटुंब : फेरीवाल्याची हद्द

दारावर येणाऱ्या माणसांचा आणि कायद्याचा काही संबंध असतो, हे सहसा आपल्या मनात येत नाही. भाजीची पाटी घेऊन येणारी बाई, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, गाद्यांचा कापूस पिंजणारा, भंगारवाला आणि अजून कुठे कुठे दिसणारा कल्हईवाला ही मंडळी ठरल्या वेळी येतात, थोडी घासाघीस होते आणि ती पुढच्या गल्लीत निघून जातात. ती पुढची गल्ली दुसऱ्या नगरसंस्थेत असेल, तर तेथे पाऊल टाकताच त्यांचे कायद्यातले स्थान बदलते. या महिन्यात त्याचाच विचार करू.

रस्त्यावर हिंडून पोट भरणे हा हक्क की मेहेरबानी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९८९ साली सोदनसिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका समिती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, असा व्यापार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील व्यवसायस्वातंत्र्यात येतो. मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि अमुकच जागा मला हवी, असा हट्ट कोणाला धरता येत नाही. निकाल झाला, कायदा व्हायला आणखी पंचवीस वर्षे लागली. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा १ मे २०१४ पासून अमलात आला.

या अधिनियमातील पथविक्रेत्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. वस्तू विकणाऱ्याबरोबर लोकांना सेवा देणाराही तीत येतो. म्हणजे धार लावणारा आणि कल्हईवाला हेही पथविक्रेतेच. इतकेच नव्हे, तर स्थानिक किंवा प्रादेशिक बोलीत ज्या ज्या नावांनी हे लोक ओळखले जातात ती सर्व नावे व्याख्येत धरली आहेत. बडोद्याचा लारीवाला, इंदूरचा ठेलेवाला, आपला हातगाडीवाला आणि पाटीवाली या सर्वांना कायद्याने एका पंक्तीत बसविले आहे. कायदेमंडळाच्या रुक्ष भाषेत असा मोकळेपणा क्वचितच आढळतो.

व्यवस्था अशी. प्रत्येक स्थानिक संस्थेने पाच वर्षांतून निदान एकदा आपल्या हद्दीतील पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे. सर्वेक्षणात ज्यांची नोंद होईल आणि ज्यांची वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली असतील, त्यांना नगर पथविक्रेता समितीने विक्री प्रमाणपत्र द्यावयाचे. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा देण्याचे मान ठरविले आहे. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठविता येत नाही. आणि कलम २७ तर असे म्हणते की, प्रमाणपत्रातील अटींनुसार धंदा करणाऱ्याला पोलिसांनी किंवा दुसऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने आडकाठी करता कामा नये.

'प्रमाणपत्रातील अटींनुसार' या दोन शब्दांपाशीच सारी गोम आहे. प्रमाणपत्र देणारी समिती एका स्थानिक संस्थेची. त्या संस्थेची सीमा संपली की प्रमाणपत्राचे बळही संपले. शेजारच्या दोन संस्थांनी परस्परांचे प्रमाणपत्र मानावे, अशी तरतूद अधिनियमात नाही. फिरत्या विक्रेत्याचा वर्ग कायद्याने वेगळा मानला खरा. परंतु त्याने फिरावयाचे तेही नेमून दिलेल्या क्षेत्रातच.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण अशा शहरांत राहतात, जेथे ही सीमा रोज ओलांडली जाते. बेळगावची महानगरपालिका निराळी आणि कॅम्पचे छावणी मंडळ निराळे. ग्वाल्हेरला मुरार, इंदूरजवळ महू, हैदराबादला लागून सिकंदराबाद या सर्व ठिकाणी लष्करी छावण्या आहेत आणि अधिनियमाच्या दृष्टीने छावणी मंडळ ही स्वतंत्र स्थानिक संस्था आहे. पाटीवालीला दोन बंगल्यांमधली ही रेषा दिसत नाही. तिला गिऱ्हाइकाची घरे दिसतात. छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या नगरसंस्थांत मिळविण्याचे धोरण केंद्र सरकारने आखले असून हिमाचल प्रदेशातील खास योलपासून २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली. ते पुरे होईल तेव्हा काही रेषा पुसल्या जातील. तोवर त्या आहेतच.

खेड्यातून शहरात येणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. अधिनियमातील स्थानिक संस्थेच्या व्याख्येत महानगरपालिका, नगरपरिषद, नगर पंचायत आणि छावणी मंडळ यांची नावे आहेत, ग्रामपंचायतीचे नाही. गोव्यातील म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमजेल. तेथे मिरच्या, सुके मासे, केळी, मातीची भांडी घेऊन बसणारी माणसे बार्देशच्या आणि त्याही पलीकडच्या गावांतून येतात. राहण्याचे गाव एकीकडे, बाजार दुसरीकडे आणि बाजार आठवड्यातून एकदा. मोजणीचा कारकून सोमवारी आला, तर त्याला कोण भेटणार? जागेवर ठाण मांडून बसणारा सापडतो. हिंडणारा निसटतो, आणि पुढे तोच 'अनधिकृत' ठरतो. मला या कायद्यातील सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

ही उणीव सरकारच्याही ध्यानात आलेली दिसते. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी कर्जयोजनेत, आसपासच्या ग्रामीण भागातून येऊन शहराच्या हद्दीत विक्री करणाऱ्यांचा वेगळा गट करण्यात आला आणि नगरसंस्थेचे शिफारसपत्र असल्यास त्यांनाही कर्ज मिळू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पहिल्या हप्त्याचे कर्ज १०,००० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेण्यात आले. कर्जासाठी जी रेषा ओलांडता येते, ती धंद्यासाठी ओलांडता येऊ नये, हे चमत्कारिकच.

हा घोळ केवळ आपल्याच देशात आहे असे मात्र नव्हे. स्कॉटलंडात घरांच्या खिडक्या पुसून देणे हा स्वतंत्र धंदा आहे आणि १९८२ च्या एका कायद्याने त्याला परवान्याखाली आणता येते. शिडी लावून परक्याच्या घरात डोकावू शकणारा माणूस सचोटीचा असावा, म्हणून पोलिसांकडे त्याची चौकशी होते. हे रास्तच आहे. परंतु परवाना सक्तीचा करावा की नाही, हे ज्या त्या कौन्सिलने ठरवावयाचे. आणि अशी कौन्सिले १९९६ पासून ३२ आहेत. सीमेवरच्या वस्तीत काम करणाऱ्याला दोन ठिकाणी अर्ज करून दोनदा शुल्क भरण्याची पाळी येऊ शकते. गंमत अशी की, २०१३ पासून साऱ्या स्कॉटलंडचे पोलीस दल एकच आहे, म्हणजे दोन्ही अर्जांची चौकशी तेच दल करणार! आणि दक्षिणेकडे इंग्लंडात गेले, तर या कामाला असा परवानाच नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. योजनेचा तपशील प्रत्येक राज्याने ठरवावयाचा असल्यामुळे कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण, गोवा येथील नियम सारखे नाहीत. आपल्या राज्याची योजना नगरसंस्थेच्या कचेरीत पाहावी. सर्वेक्षण चालू असेल, तेव्हा दारावर येणाऱ्याला त्याची वर्दी द्यावी आणि नोंद 'फिरता विक्रेता' म्हणून करून घेण्यास सांगावे. तो दर मंगळवारी या आळीत येतो, हे गृहिणीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पण रहिवाशांच्या संघांनाही तेथे स्थान आहे. ते बहुधा रस्ता मोकळा करून मागण्यासाठीच वापरले जाते. दोन शेजारसंस्थांच्या हद्दीतील फिरत्या विक्रेत्यांचा प्रश्नही तेथे मांडता येईल.

विक्रेता आजारी पडला किंवा मरण पावला, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्याची पत्नी किंवा पती, आणि नंतर अवलंबून असलेले मूल, तोच धंदा चालवू शकते. हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते आणि प्रमाणपत्र ट्रंकेत तसेच पडून राहते. प्रमाणपत्राशिवाय विक्री केल्यास दंड २,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. माल जप्त झाल्यास त्याची यादी मागून घ्यावी, तो हक्क आहे. शुल्क भरून मागणी केल्यावर टिकाऊ माल कामकाजाच्या दोन दिवसांत आणि भाजी-फळांसारखा नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळाला पाहिजे. तरीही न मिटल्यास तक्रार निवारण समिती आहे. तिच्या अध्यक्षपदी पूर्वी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेली व्यक्ती असते. अर्ज लेखी हवा, आणि तो विक्रेता राहतो तेथे नव्हे, तर ज्या हद्दीत माल उचलला गेला तेथील समितीकडे करावा.