बाँडवर लिहून पालकत्व सुटत नाही

गेल्या काही वर्षांत आपल्या वसतिगृहात प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांत एक बाँड पेपर वरचेवर आढळतो. जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या चळतीत तो घडी घालून ठेवलेला असतो. मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो : मुलीवरील सर्व हक्क मी आजपासून स्वखुशीने सोडत आहे, यापुढे तिचा सांभाळ तिची आजी करील, माझा काहीएक संबंध राहणार नाही. खाली बापाची सही, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. बहुधा मुलीची आई वारलेली असते, बापाने दुसरे घर केलेले असते आणि गावातील चार जाणत्यांनी बसून मिटवामिटव केलेली असते. आजी तो कागद फार जपून पुढे करते. तिला वाटते, नात आता कायद्यानेही आपली झाली.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. त्या कागदाने नात आजीची होत नाही आणि बाप बापपणातून सुटतही नाही. बापाने मुलीकडे पाठ फिरवली होती, याचा एक पुरावा म्हणून तो उद्या न्यायालयात उपयोगी पडू शकेल. म्हणून तो फाडू नये, जपूनच ठेवावा. पण त्याहून अधिक किंमत त्याला नाही. याची प्रचीती येते ती मुलगी आठवी-नववीत गेल्यावर. तोवर पालकसभेला एकदाही न फिरकलेला बाप अचानक दारात उभा राहतो. कधी मुलीला स्थळ आलेले असते, कधी मयत आईच्या नावावरील जमिनीच्या तुकड्याचा प्रश्न निघालेला असतो. 'माझी लेक न्यायला आलो,' असे तो म्हणतो, तेव्हा वसतिगृहाच्या अधीक्षकांजवळ त्याला अडवण्यासारखा एकही आदेश नसतो. आजीजवळही नसतो. बालविवाहाचा संशय असेल तर 1098 या क्रमांकावर कळवून तो थांबवता येतो आणि थांबवलाच पाहिजे. पण मूल कोणाच्या ताब्यात राहावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न सोडवण्याची जागा न्यायालय आहे. आपल्या समाजात न्यायालय म्हटले की फौजदारी खटला, जमिनीचा वाद किंवा नवरा-बायकोची पोटगी एवढेच डोळ्यांपुढे येते. लेकराच्या पालकत्वासाठीही अर्ज करता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही. कायदा मात्र जुना आहे. पालक आणि पाल्य अधिनियम 1890 सालचा. त्याच्या जोडीला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 सालचा. हा दुसरा कायदा नावाने हिंदू असला, तरी बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे. याबद्दल आपल्याकडे अनेकांच्या मनात अढी आहे, ती आम्हाला समजते. पण ज्या हिंदू कोड बिलासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच बिलाचे पुढे जे चार कायदे झाले त्यांतील हा एक आहे, हे विसरू नये. पालकत्वाचा कायदा 25 ऑगस्ट 1956 रोजी अमलात आला, नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी दोन महिनेही नाहीत. आणि दत्तकाचा कायदा 21 डिसेंबरला, महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी. ज्याने त्या मसुद्यासाठी रक्त आटवले, त्याला हा शेवटचा कायदा पाहता आला नाही.

'पालकाचा हक्क कायमचा संपवावा' अशा नावाचा अर्ज आपल्या कायद्यात नाही. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई, हे सूत्र आहे. सावत्र आई किंवा सावत्र बाप मात्र नैसर्गिक पालक ठरत नाहीत, हे कायद्याने स्वच्छ सांगितले आहे. आई किंवा बाप हयात असेल आणि तो न्यायालयाच्या मते अपात्र नसेल, तर न्यायालय दुसऱ्या कोणास मुलाचा पालक नेमत नाही. म्हणजे आजीला, मामाला, आत्याला पालक व्हायचे असेल तर हयात असलेला बाप अपात्र आहे, हे आधी सिद्ध करावे लागते. मुलाचे हित सर्वांत मोठे, हे तत्त्व या साऱ्याच्या वर आहे.

अर्ज कोणी करावा? ज्याला पालक व्हायचे आहे त्याने, मुलाच्या कोणत्याही नातलगाने किंवा स्नेह्याने. जिल्हाधिकारीही करू शकतात. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, कुटुंब न्यायालय असेल तेथे त्या न्यायालयात. आणि मूल जेथे सामान्यतः राहते त्या भागातल्या न्यायालयात. शिक्षणापुरते वसतिगृहात राहिल्याने मुलाचे घर बदलत नाही, म्हणून गाव वाशीम किंवा परभणी जिल्ह्यातले असेल तर वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांगावे. अर्जात मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म, राहण्याचे ठिकाण, त्याच्या नावे काही मालमत्ता असल्यास तिचा तपशील, सध्या ते कोणाजवळ आहे, जवळचे नातलग कोण व कोठे, यापूर्वी असा अर्ज झाला होता काय, आणि मुख्य म्हणजे अर्ज करण्याची कारणे, हे सारे यावे लागते. नियोजित पालकाची तयारी असल्याचे पत्र त्याच्या सहीनिशी आणि किमान दोन साक्षीदारांच्या साक्षांकनासह जोडावे लागते. बापाला नोटीस जातेच. तो कोठे आहे हे माहीत नसेल, तर वर्तमानपत्रात प्रसिद्धी देऊन ती बजावण्याचा मार्ग आहे. नोटिशीच्या भीतीने बापाचा पत्ता लपवणारे लोक स्वतःच्या अर्जाचा पाया स्वतः खणतात. निकालाला वेळ लागतो. पण तोपर्यंत मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठी तात्पुरता आदेश मागता येतो, आणि स्थळ पाहिलेल्या मुलीच्या बाबतीत तो पहिल्या दिवशीच मागावा.

खरी कसोटी पुराव्याची. 'आम्ही जास्त माया करतो' एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एक प्रकरण आले होते. आई कर्करोगाने गेली, त्या काळात बापही गंभीर आजारी होता, म्हणून तान्ही मुलगी आईच्या माहेरच्या नातलगांनी सांभाळली. बाप बरा झाल्यावर मुलगी परत मागू लागला, तेव्हा त्यांनी नकार दिला. न्यायालयाने मुलगी बापाला दिली, नातलगांना भेटीची मुभा ठेवली. त्यांची माया खोटी नव्हती. बाप अपात्र नव्हता, एवढेच. याउलट 2008 साली कोलकात्याच्या एका प्रकरणात बापावर पत्नीच्या हुंडाबळीचा खटला चालू होता. तेथे सर्वोच्च न्यायालयाने मुलाची इच्छा आणि बापावरील आरोप या दोहोंकडे लक्ष देऊन मुलगा आईच्या आईवडिलांकडे ठेवला. आमच्या आज्यांना नेहमी एक भीती असते : 'मी म्हातारी, रोजंदारीवाली, मला कोर्ट काय विचारणार?' कोविडमध्ये आईबाप गमावलेल्या एका मुलाच्या प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने ताबा आजी-आजोबांकडे दिला आणि मावशीचे उत्पन्न, वय किंवा मोठे कुटुंब हा एकमेव निकष होऊ शकत नाही, असे सांगितले. हे त्यांना मुद्दाम सांगावे.

येथे आमच्यासारख्या निवासी शाळेचे काम सुरू होते. बाप किती वर्षांत आला नाही, हे आजी तोंडाने सांगेल. पण वसतिगृहाची भेट-नोंदवही ते तारखेनिशी सांगते. सुट्टीत मुलीला कोणी नेले, दवाखान्यात कोणी बसले, पालकसभेला कोण आले, प्रगतिपुस्तकावर अंगठा कोणाचा, या बारीकसारीक नोंदींना न्यायालयात मोल असते. गावातील अंगणवाडी सेविका, आशाताई, शेजारी यांचे म्हणणेही घ्यावे. आणि मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला स्वतः विचारू शकतात. त्याला काय सांगायचे हे पढवून पाठवू नये. पढवलेले मूल लगेच ओळखू येते.

दत्तकाने प्रश्न सुटेल, असे काही जण सुचवतात. दत्तक झाले की जन्मदात्या कुटुंबाशी नाते खरोखरच तुटते आणि वैध दत्तक मागे घेता येत नाही. पण हिंदू दत्तक कायद्याने पंधरा वर्षांवरील मूल, तशी रूढी नसेल तर, दत्तक जात नाही. स्वतःचा मुलगा हयात असताना आजीला नातवाला मुलगा म्हणून दत्तक घेता येत नाही. आणि हयात असलेल्या आईबापांपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देता येत नाही. बाल न्याय कायद्यात नातलगांच्या दत्तकाची वेगळी वाट आहे, तिचा आदेश आता जिल्हादंडाधिकारी देतात. तिच्यातही संमतीची अट आहेच. बहुतेक घरांसाठी पालकत्वाचा अर्ज हीच सरळ वाट.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडची कुटुंबे उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या मागे ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर परततात. त्यांची लेकरे सहा-सहा महिने आईबापाशिवाय राहतात. अमेरिकेत 1997 च्या कायद्याने असा दंडक घातला की, सरकारी संगोपनातील मूल मागील 22 महिन्यांपैकी 15 महिने घराबाहेर राहिले, तर काही अपवाद वगळता राज्याने आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावा. असे गणित कोयता हाती घेतलेल्या आईबापाला कोणी लावले असते, तर आपल्या किती घरांतली लेकरे कायमची दुरावली असती! आपला कायदा येथे अधिक माणुसकीचा आहे, असे आमचे मत आहे. गरिबी ही अपात्रता नव्हे. इतकेच नव्हे, अपात्र ठरलेला बाप पुढे सुधारला आणि न्यायालयाची तशी खात्री झाली, तर नेमलेल्या पालकाचा अधिकार संपू शकतो. दारू सोडून माणसात आलेले बाप आम्हीही पाहिले आहेत. त्यांच्यासाठी ते दार उघडे राहिलेच पाहिजे.

ज्या आईबापांना खरोखर मूल सांभाळणे अशक्य आहे, त्यांनीही बाँड करू नये, बालकल्याण समितीपुढे जावे. समिती चौकशी आणि समुपदेशन करते, समर्पणाचा लेख आपल्यासमोर करून घेते आणि फेरविचारासाठी दोन महिने देते. हे दोन महिने म्हणजे सरकारी दिरंगाई नव्हे. पहिल्या रात्रीच मन फिरलेल्या आईसाठी ते आहेत. आणि प्रश्न केवळ पैशाचा असेल, तर समर्पणाचा विचारच नको. बालसंगोपन योजनेतून पात्र मुलासाठी दरमहा 2250 रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करता येतो.

मूल आणि आईबाप यांमध्ये परवानगीवाचून कोणी शिरू नये, ही दृष्टी आपल्या धम्मात फार जुनी आहे. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाला झालेले दुःख आणि आईवडिलांच्या अनुज्ञेवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, हा त्यानंतर तथागतांनी घातलेला नियम महावग्गात नोंदला आहे. आपल्या श्रामणेर शिबिरांत पालकांचे संमतिपत्र आजही घेतले जाते, ते त्यामुळेच. खुद्द बापाने कायमचा गृहत्याग केला तर त्याचे नैसर्गिक पालकत्व जाते, असे 1956 चा कायदाही म्हणतो. त्याचे शब्द मात्र वानप्रस्थ, यती, संन्यासी असे आहेत, भिक्खू तेथे नाही. दहा दिवस चीवर परिधान करून परतलेला बाप बापच असतो. आणि आईविना मुलाला वाढवणाऱ्यांची थोरवी आपल्याला वेगळी सांगायला नको : लहानग्या भीमाची आई गेल्यावर त्याला मीराआत्याने सांभाळले. अशी मीराआत्या आज आमच्या नोंदवहीत अंगठा उमटवते, तेव्हा तिच्या हाती न्यायालयाचा आदेश असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

खर्चाची सबब येथे चालणार नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 प्रमाणे स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. म्हणजे आमच्या बहुतेक आज्या दोन-दोन कारणांनी पात्र आहेत. हिंगोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो, 15100 या क्रमांकावरही विचारता येते. अडते ते अर्ज लिहिण्यापाशी आणि तारखेला सोबत जाण्यापाशी. आपल्या शाळेतून शिकून हिंगोली, वसमत, कळमनुरी येथे वकिली करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन रविवार वसतिगृहाच्या कार्यालयात बसावे, असे आम्ही सुचवतो. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी आपल्या गावातील एका आजीला एका तारखेपुरते न्यायालयापर्यंत घेऊन जावे. भेट-नोंदवहीच्या प्रमाणित प्रती आम्ही मागितल्या दिवशी देऊ.