संतांची वाटणी

आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांची पुण्यतिथी, चतुर्दशीला सावता महाराजांची. तिथी लागोपाठच्या, पण मांडव मात्र हल्ली ठिकठिकाणी वेगळे. एका फलकावर शिंपी समाज, दुसऱ्यावर माळी समाज. गोरोबाकाका कुंभारांच्या वाट्याला, नरहरी महाराज सोनारांच्या, सेना महाराज नाभिकांच्या. माउली आणि तुकोबारायांच्याही जातीचे हिशेब मांडले जातात. बापाच्या मागे जमीन वाटावी तशी आपण संतांची वाटणी केली आणि सातबारा आपापल्या नावावर लावून घेतला.

ज्या समाजात संत जन्मला त्याने त्याचा अभिमान धरू नये, असे माझे म्हणणे नाही. ‘जातीचे नावच काढू नका’ हा उपदेश बहुधा तोच करतो, ज्याला जातीचा चटका कधी बसलेला नाही. चोखोबांनी आपले महारपण लपवले नाही. ते देवापुढे ठेवून जाब विचारला. नामदेवराय शिंपी म्हणूनच बोलले, सावतोबांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. पण त्यांनी आपली ओळख विठ्ठलाच्या पायी वाहिली. आपण तीच उचलून आणतो आणि तिचे कुंपण घालतो.

आपल्याही घरातली गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, पण त्यांच्या लोकांना देवळात पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावले. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या, तेव्हा त्यांच्या दिंडीत अभंग एक आणि पंगती दोन होत्या. ती खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. गाडगेबाबांना पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली. तेव्हा आज कोणी वेगळा मांडव घातला, तर आधी विचारावे की आपल्या मांडवात त्याला मानाने बसवले होते का?

आता आरक्षणाचा वाद पेटला आहे. मराठा आणि ओबीसी गावागावात समोरासमोर उभे राहिले. आपल्या जिल्ह्याचे नाव ‘सातारा गॅझेट’ म्हणून सगळ्यांच्या तोंडी आले. हक्क मागणे हे पाप नव्हे. त्याचा निवाडा विधिमंडळात आणि न्यायालयात व्हावा. पण तो वाद नारदाच्या गादीवर कशाला? सप्ताहाचे निमंत्रण देताना ‘महाराज कोणत्या समाजाचे?’ अशी चौकशी होते. ऐन कीर्तनात एका बाजूला टाळ्या मिळतील असा टोमणा मारणारे महाराजही निघाले आहेत. अशाने पाकीट जड होत असेल, पण गादी हलकी होते.

माउलींच्या पालखीला आजची शिस्त दिली ती सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. अश्व येतात शितोळे सरकारांच्या अंकलीहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातून, मिरज-सांगलीच्या वाटेने. लोणंद, तरडगाव, फलटणला वारकऱ्यापुढे भाकरी ठेवणारी बाई दिंडी क्रमांकही विचारत नाही, मग जात कुठली? उराउरी भेटताना वय, मान, पैसा यांतले काही आड येत नाही. ही आपली रीत आहे. ती मोडून आपण कोणाचे भले करणार?

म्हणून सातारा-सांगलीच्या फडकऱ्यांना आणि सप्ताह समित्यांना माझे मागणे आहे. संतांच्या पुण्यतिथ्या सगळ्या गावाने एकाच मांडवात कराव्यात. चोखोबांची पुण्यतिथी आधी धरावी, कारण तिची आठवण सर्वांत कमी होते. वीणा प्रत्येक आळीच्या खांद्यावर जावी. कीर्तनकार पाठांतर आणि आचरण पाहून बोलवावा. जो गादीवरून जात काढील, त्याला नारळ द्यावा.

सप्ताहाची सांगता काल्याने होते. लाह्या घरोघरच्या, दही घरोघरचे. एकदा कालवल्यावर माझी लाही कोणती, हे ब्रह्मदेवालाही निवडता येणार नाही. ज्याला आपली लाही वेगळी काढून खायची असेल, त्याने काल्याला बसू नये.

रामकृष्णहरी.