लग्न हें औषध नव्हे

कथेचा शेवट झाला कीं मन स्वस्थ व्हावें, अशी सर्वांची अपेक्षा असते. परंतु कित्येक कथांचा शेवटच मनाला स्वस्थ बसूं देत नाहीं. आमच्या भिवंडींत यंत्रमागांची खटखट चालू असते, आणि त्या खटखटीवर ताण करील इतका आवाज चढवून घरोघरीं मुलें जपानी कार्टून-मालिका हिंदींतून पाहत असतात. त्यांत ‘डोरेमॉन’ ही फारच परिचयाची. आळशी नोबिता, त्याच्या साह्यार्थ भविष्यकाळांतून आलेलें निळें यांत्रिक मांजर आणि गुणी शिझुका हीं पात्रें मुलांना आपल्या आळींतील सवंगड्यांइतकीं जवळचीं वाटतात. या मालिकेंत एक लहानसें उपकथानक आहे: मोठेपणीं नोबिताचें लग्न शिझुकाशीं होणार. हें योग्य कीं अयोग्य, यावर मुलांत वाद रंगतो, आणि तो ऐकून वडीलधारी माणसें हसतात. आम्हांस मात्र हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाहीं.

ही कथा १९६९ सालच्या अखेरीस मुलांच्या मासिकांतून चित्ररूपानें प्रसिद्ध होऊं लागली. तिचे कर्ते फुजिको एफ. फुजिओ या टोपणनांवानें लिहीत. ते १९९६ सालीं वारले. मालिकेचा कायमचा शेवट त्यांच्या हातून झाला नाहीं. पुढें २०१४ सालच्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटानें नोबिता व शिझुका यांचें लग्न ठरलेलें दाखविलें, आणि २०२० सालच्या दुसऱ्या भागानें तो लग्नसमारंभच पडद्यावर आणला.

प्रेक्षकांत यावरून दोन पक्ष पडले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, देकिसुगीसारखा हुशार व सालस मुलगा वर्गांत असतां, परीक्षेंत शून्य गुण मिळविणाऱ्या नोबिताच्या पदरीं शिझुका कां पडावी? दुसरा पक्ष म्हणतो, नोबिताचें मन निर्मळ आहे. लग्नाच्या आदल्या रात्रीं शिझुकाचे वडीलही तिला हाच धीर देतात कीं, जो दुसऱ्याच्या सुखानें सुखी आणि दुःखानें दुःखी होतो, त्याची निवड करण्यांत तुझी चूक झालेली नाहीं. हें बोलणें हृदयास भिडणारें आहे, आणि आमच्या मतें त्यांत सत्यही आहे. केवळ गुणपत्रिका पाहून वर निवडूं नये, असें आम्ही शाळेच्या वार्षिकांत लिहीत आहों, याबद्दल गुरुजन आम्हांस क्षमा करोत!

परंतु शिझुकाचें स्वतःचें कारण कोणतें? हिमवादळांत तिला सोडवावयास आलेला नोबिता स्वतःच गोंधळून जातो, तेव्हां ती त्यास होकार देते; याला एकटें सोडणें बरें नव्हे, असा त्या होकाराचा भाव असतो. होकार तिचा आहे, कोणी लादलेला नाहीं, ही गोष्ट चांगली. परंतु मूळ भवितव्यांत नोबिताचें लग्न जियानची बहीण जायको हिच्याशीं होणार असतें. तें नशीब पालटावें म्हणून त्याचा वंशज सेवाशी डोरेमॉनला पाठवितो, आणि शिझुका ही त्या पालटलेल्या नशिबाची जणूं खूण ठरते. मुलगा दुबळा, म्हणून त्यास सांभाळणारी हवी, हा विचार येथें नकळत शिरतो.

हा विचार एकट्या जपानचा नव्हे. “लग्न करून द्या, म्हणजे मुलगा ताळ्यावर येईल,” हें वाक्य आपल्याकडे किती घरांतून ऐकूं येतें! मुलगा कामावर टिकत नाहीं, पैसा उधळतो, क्वचित् बाटलीलाही हात लावतो; त्यावर उपाय काय, तर सून आणावी. या उपायाची परीक्षा मराठी रंगभूमीनें शंभर वर्षांपूर्वींच घेतली आहे.

राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ सालीं, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांच्या सिंधूनें प्रेक्षकांस रडविलें, आणि त्या रडण्याच्या आठवणी पुढच्या पिढ्यांनींही ऐकल्या. सिंधू सुशील होती, पतीवर तिची निःसीम निष्ठा होती. पत्नीच्या गुणांनीं नवरा सुधारत असता, तर सुधाकर सर्वांच्या आधीं सुधारावयास हवा होता. प्रत्यक्षांत मूल गेलें, सिंधू गेली आणि शेवटीं सुधाकरही गेला.

परंतु त्याच नाटकांत प्रेमाचें एक उपकथानक आहे. त्याची आठवण प्रेक्षकांस क्वचितच राहते, आणि प्रयोगांतही त्याची पुष्कळदा काटछाट होते. सुधाकराची बहीण शरद ही बालविधवा. भगीरथ हा तरुणही सुधाकरासारखाच मद्याच्या आहारीं गेलेला; पण रामलालच्या उपदेशानें तो प्याला सोडतो, लोकसेवेस लागतो, आणि मग शरदशीं त्याचा स्नेह जुळतो. रामलालच्या मनांतही शरदविषयीं मोह उत्पन्न होतो; तो मोह जिंकून तो दोघांच्या मार्गांतून दूर होतो. हें उपकथानक मुख्य कथेशीं नीट सांधलेलें नाहीं, अशी रसिकांची तक्रार आहे, आणि ती अगदींच निराधार नव्हे. तथापि त्यांतील घटनांचा क्रम पाहावा. भगीरथानें आधीं प्याला खालीं ठेवला. प्रेम मागाहून आलें. शरद ही त्याच्या व्यसनावरील औषध नव्हती. सिंधूची कथा रोग दाखविते, शरदची कथा पथ्य दाखविते. प्रेक्षकांनीं रोगासाठीं अश्रू ढाळले, आणि पथ्य मात्र ते विसरून गेले.

कोणी म्हणेल, नोबिता कांहीं सुधाकर नव्हे. मुलांच्या करमणुकीवर एवढा भार कशास? नोबिता निरुपद्रवी आहे हें खरें. परंतु बरें-वाईट निवडण्याची संवय मुलांना गोष्टींतूनच लागते, आणि आज पडद्यावरील वरास जी फूट ती देतील, तीच उद्यां स्वतःस किंवा आपल्या भावास देतील.

म्हणून नोबिताच्या पक्षाच्या मुलांनीं त्याचा भोळेपणा पुढें करूं नये. त्याहून चांगला पुरावा त्याच चित्रपटांत आहे. डोरेमॉन निघून जाणार असतो, त्या रात्रीं नोबिता कोणाच्याही साह्यावांचून जियानशीं एकटा झुंजतो. तो मार खातो, पडतो, पुन्हा उठतो, पण माघार घेत नाहीं. आपल्या मित्रानें निश्चिंत मनानें जावें, एवढाच त्याचा हेतु असतो. शिझुकाच्या योग्यतेचा नोबिता कोणी असेल, तर तो हा!

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलें असा वाद घालूं लागलीं म्हणजे त्यांस गप्प करूं नये; जवळ बसून ऐकावें, आणि लग्नापूर्वीं वर स्वतः काय शिकला, एवढें त्यांस विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, आपला प्याला आपणच खालीं ठेवावयाचा असतो. तें काम दुसऱ्याच्या मुलीवर सोंपवूं नका.