पाझर तलावांना वाली कोण?

मुकुटबनचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत येते ते कोळसा, चुनखडी आणि सिमेंट यांच्या निमित्ताने. 2022 साली तेथे वर्षाला सुमारे 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. परंतु झरी-जामणी तालुक्यातील कोलाम, गोंड व इतर कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विहिरींना जानेवारीनंतर पाणी राहते की नाही, हे कारखान्याच्या धुराड्यावर ठरत नाही. ते गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मातीच्या बांधावर ठरते, आणि त्या बांधाची चौकशी करावयास मात्र कोणी जात नाही.

महाराष्ट्रातील हजारो पाझर तलाव आणि लघु तलाव 1972 च्या दुष्काळातील कामांवर, अथवा 26 जानेवारी 1979 पासून लागू झालेल्या रोजगार हमी कायद्याखाली उभे राहिले. उपाशी माणसांनी, त्यांतही मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी, डोक्यावरून पाट्या वाहून ते बांधले. काम हवे ही मागणी समाजवादी आणि डाव्या पक्षांनी रस्त्यावर येऊन लढविली होती. केलेले काम टिकविण्याची मागणी मात्र तितक्या जोमाने कोणीच, आपल्या चळवळीनेही, केली नाही.

मातीचे धरण एका रात्रीत फुटते, पण ते मरणपंथाला लागलेले असते कित्येक वर्षे. काळी चिकण माती पाणी अडविते म्हणून बांधाच्या गाभ्यात घालतात. तीच उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचे मुरमाचे आवरण धुऊन गेले की पहिल्याच पावसाचे पाणी त्या भेगांत शिरते. भरावावर वाढलेली बाभूळ तोडून नेली तरी तिची मुळे आत कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. आतल्या उतारावरचे दगड घरबांधणीसाठी उचलले जातात. त्यात कोणी अधिक पाणी साठावे या सद्हेतूने सांडव्यावर पोती रचतो, आणि पुराच्या दिवशी पाणी सांडव्याऐवजी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते. 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हेतूही चांगलाच आहे. पण यंत्राने बांधाच्या पायथ्यालगतचा गाळ ओरबाडला, तर पाणी रोखणारा थरच नाहीसा होतो.

बाहेरच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावे. गढूळ झाले तर आतून माती वाहत आहे असे समजावे. अशा वेळी ते तोंड चिखलाने बुजविणे घातक ठरते. त्यावर वाळू, बारीक खडी आणि मोठी खडी असे थर देऊन पाणी जाऊ द्यावयाचे आणि माती अडवावयाची असते. एवढे ज्ञान प्रत्येक तलावाच्या गावी दोघा-चौघांपाशी असणे अवघड नाही.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना! पुढे 2021 साली केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. त्यात 15 मीटरहून उंच धरणे येतात आणि 10 ते 15 मीटरांची काही अटींवर येतात. त्याहून ठेंगणे तलाव कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांच्याखालीही वस्ती असते.

याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. 1984 साली दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हापासून विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचा वाद निर्माण झालेल्या क्षमतेच्या हेक्टरांवर चालत आला. नवा तलाव झाला की आकडा वाढतो. जुना गाळाने भरला किंवा गळू लागला म्हणून तो कमी होत नाही. नव्या कामाला निविदा, ठेकेदार आणि उद्घाटन लाभते. मुरूम टाकणे आणि झुडपे काढणे यांत कोणाचेच भले नसते, अर्थात मजूर आणि शेतकरी वगळून. पाणीपट्टीतून हा खर्च निघावा, हे म्हणणेही पाझर तलावाला लागू पडत नाही. त्याचे पाणी जमिनीखालून विहिरीत जाते; ते मोजणार कसे आणि पट्टी आकारणार कोणावर?

झरी-जामणीतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. 1996 च्या पेसा कायद्याने लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींच्या हाती देण्याची तरतूद केली. पण पैशावाचून दिलेला अधिकार म्हणजे निव्वळ जबाबदारी ढकलणे होय.

तेव्हा मुकुटबन परिसरातील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात ग्रामस्थांसह प्रत्येक बांधावरून चालत जावे, भेगा, बिळे, खचलेला माथा, सांडव्यातील अडथळे यांची यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी आणि जिल्हा नियोजन समितीकडे दोन मागण्या कराव्यात: प्रत्येक तलावासाठी दरवर्षी स्वतंत्र देखभाल निधी, आणि ते काम गावच्याच मजुरांना पूर्ण मजुरीने. यंदाची यादी पावसाळ्यापूर्वी तहसील कचेरीत पोचली पाहिजे, आणि तिची पोच घेतल्याशिवाय कार्यकर्त्यांनी तेथून हलू नये.