वाचून दाखवणाऱ्याची जबाबदारी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आण्णा चौथीत असताना शाळा सुटली आणि हातात बैलाचा कासरा आला. मायला तर सही शिकायलाही सवड मिळाली नाही. त्यामुळे घरात कोणताही कागद आला की तो आधी माझ्या हातात येई. बँकेची नोटीस असो, पीकविम्याची पावती असो, नाही तर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो. मी वाचायचे आणि घराने ऐकायचे. पुढे गल्लीतल्या बायाही आपापले कागद घेऊन ओट्यावर येऊ लागल्या. लहान वयात केवढा मान! त्या मानाला तडा कसा गेला, ते सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पुढच्याच वर्षी आण्णांनी स्मार्टफोन घेतला. आता कागदाच्या जोडीला मोबाईलवरचे मेसेजही मला वाचून दाखवावे लागत. २०१८ च्या जून महिन्यातली गोष्ट. मी नुकतीच सातवीत गेले होते. एका संध्याकाळी फोनवर मेसेज आला : मुले पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, वेश भिकाऱ्याचा आहे, सावध राहा आणि हा मेसेज जास्तीत जास्त लोकांना पाठवा. सोबत एक फोटो होता. तो पाहून शेजारची मावशी म्हणाली, "काय म्हणलालंय गं त्यात? जरा जोरात वाच की." मी जोरात वाचले. शाळेत धडा वाचावा तसे, स्वल्पविराम सांभाळून वाचले. वाचून झाल्यावर कोणी तरी म्हणाले, "पोरगी शाळा शिकलेली हाय. तिनं वाचलंय म्हंजे खरंच आसंल."

दुसऱ्याच दिवशी सुया, दाभण, बिबे विकणारी एक बाई गावात आली. काखेत झोळी आणि झोळीत तिचे स्वतःचे तान्हे मूल. वेशीजवळच तिला पोरांनी अडवले. नाव विचारले, गाव विचारले. ती घाबरून अडखळली, आणि तिचे अडखळणे हाच तिच्या गुन्ह्याचा पुरावा ठरला. एक दगड आला, तो तिच्या कपाळाला लागला. तेवढ्यात माझी आज्जी धावत गेली म्हणून पुढचे टळले. "आरं, हिच्याकडून मी धा वर्सं झाली सुया घेतेय!" असे आज्जी ओरडत होती. आज्जीला अक्षरओळख नव्हती. मला होती. त्या दिवशी खरे कोणाला वाचता आले, हा प्रश्न मला अजूनही झोपू देत नाही. ती बाई पुन्हा आमच्या गावात आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जे घडले ते साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. रविवारचा आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण तेथे होते. एका लहान मुलीशी ते बोलताना दिसले, एवढ्यावरून संशय आला. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्या भागात मोबाईलवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांना मारत नेले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केले. पाचही गेले. राईनपाड्याला आज्जी नव्हती, एवढाच काय तो आमच्यात आणि त्यांच्यात फरक!

मित्रहो, 'ग्रामपंचायतीची खोली' या शब्दांपाशी मी नेहमी अडते. ग्रामपंचायत म्हणजे लोकशाहीची पहिली पायरी असे आपण राज्यशास्त्राच्या पेपरात लिहितो. जेथे गावाने एकत्र बसून विचार करावा, शंका विचारावी, उत्तर मागावे, तीच ती जागा. त्या जागेत कोणी एक साधा प्रश्न विचारला असता, 'हे तुम्हाला कोणी सांगितले?', तर कदाचित पाच जीव वाचले असते. लोकशाही फक्त मतपेटीत नसते. ती या एका प्रश्नात असते, असे मला वाटते.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत अशी होती : मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. लाखोंनी ती पाहिली आणि थरकाप उडाला. ती मुळात पाकिस्तानात, कराची येथे, पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे म्हणून बनवलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कोणी तरी नेमका तो शेवट कापून टाकला. म्हणजे चित्र खरे, पण गोष्ट खोटी! डोळ्यांनी पाहिले ते खरे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास होता. तो विश्वासच येथे फसवणुकीचे हत्यार बनला. आता तर यंत्राच्या बुद्धीने कोणाचाही चेहरा आणि कोणाचाही आवाज हुबेहूब तयार करता येतो. उद्या एखाद्या पुढाऱ्याच्या तोंडी न बोललेले शब्द घालून ते मतदानाच्या आदल्या रात्री गावोगाव पाठवले, तर सकाळी रांगेत उभा राहणारा मतदार कशाच्या आधारावर मत देईल?

आपल्या भागाचा इतिहास पाहिला तर मोठी गंमत वाटते. आपला निलंगा तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो मराठी मुलखात आला. निजामाच्या काळात सरकारदरबारची भाषा उर्दू. जमिनीचे कागद उर्दूत. सभा भरवायची तर 'गश्ती ५३' नावाच्या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी काढा. शेतकऱ्याच्या हातात स्वतःच्याच जमिनीचा कागद असे, पण त्यात काय लिहिले आहे हे पटवारी सांगेल तेव्हा कळायचे. पटवारी जे वाचून दाखवील तेच सत्य! आमच्या पणजोबांची पिढी अशी दुसऱ्याच्या जिभेवर जगली. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले. पुढे शाळा आल्या, मराठी आली. आपण स्वतः वाचू लागलो की कोणी आपल्याला फसवणार नाही, अशी त्या पिढीची भाबडी आशा होती. त्या आशेपोटीच आण्णांनी मला शिकवले.

पण झाले काय? त्या वेळी माहितीचा दुष्काळ होता, आज पूर आला आहे. आणि पुराचे पाणी पिता येत नाही, हे मांजरा-तेरणाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, अफवा काय पूर्वी नव्हत्या? होत्या. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, तेव्हा कोणाच्या खिशात असा फोन होता? कबूल. पण त्या दिवशी निदान समोर मूर्ती होती, चमचा होता. ज्याला शंका येई त्याला तेथेच पाहता येत होते. आजच्या मेसेजला ना मूर्ती ना चमचा. आणि मुख्य म्हणजे त्याला धनी नाही. वर्तमानपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे असतात. १८६७ च्या कायद्यापासून चालत आलेली ही रीत. ते बारीक अक्षर म्हणजे, 'हे आम्ही म्हणतो आणि आम्ही त्याला जबाबदार आहोत' अशी कबुली असते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, ते आपल्या शब्दाची जबाबदारी घेऊन. आजची वृत्तपत्रे धुतल्या तांदळासारखी आहेत असे मी म्हणत नाही. २००९ च्या निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण आपल्याच महाराष्ट्रात गाजले होते. तरीही तेथे जाब विचारायला एक दार असते. फिरत्या मेसेजला दारच नसते.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. २०१८ च्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे केले. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. आणि त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. चोर, मुले पळवणारे फिरतात अशी अफवा त्या भागात होतीच. म्हणजे यंत्राला लगाम घातला, तरी मनाला कोण घालणार? सरकारचा उपाय याहून सोपा : इंटरनेटच बंद! २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड या जिल्ह्यांच्या काही भागांत तसे झाले. पण दिवा विझवला तर चोराबरोबर घरधन्यालाही दिसेनासे होते. खोट्या बातमीबरोबर खरी बातमीही बंद पडते, आणि अंधारात अफवा तोंडातोंडी पळतेच.

उत्तर कायद्यात किंवा कंपनीत पूर्णपणे सापडणार नाही. कंपनीला आपण फोनमध्ये किती वेळ डोळे घालून बसतो याचे पैसे मिळतात. आपण शहाणे झालो की नाही याचे नव्हे. मग उत्तर कोठे आहे? मला माझ्यापुरते ते अगदी अचानक सापडले, आणि तेही त्याच फोनमध्ये.

गेल्या वर्षी वर्गात सरांनी सांगितले की केंद्र सरकारचे 'ई-ग्रामस्वराज' नावाचे पोर्टल एप्रिल २०२० पासून सुरू आहे, आणि कोणत्या ग्रामपंचायतीला किती निधी आला, कशावर खर्च झाला हे त्यावर कोणालाही पाहता येते. एस. टी.त बसल्या बसल्या मी आमच्या गावाचे नाव शोधले. त्यात पाण्याच्या एका कामावर आणि नालीच्या एका कामावर खर्च दाखवलेला होता. आमच्या गल्लीत तर यातले काहीच नव्हते! रक्त तापले. मी त्या पानाचा फोटो काढला. वर 'आपल्या गावात चोरी' असे लिहून तो गावच्या ग्रुपवर टाकणारच होते. अंगठा बटणावर होता. आणि एकाएकी मला सुया विकणाऱ्या त्या बाईचे कपाळ आठवले. मी फोटो पाठवला नाही.

ग्रामसभेला गेले. कायद्याप्रमाणे मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे तेथे हवीत. होती बोटांवर मोजण्याइतकी. तहकूब सभा पुन्हा भरली, तिला गणपूर्तीची अट नसते. बायांमध्ये मी आणि माय दोघीच. उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. मी पोर्टलवरच्या दोन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या आणि विचारले, "ही कामे कोठे आहेत?" कोणी हसले, कोणी "कॉलेजात गेली म्हणून शानी झाली" असे पुटपुटले. पण मला शिवारापलीकडच्या वस्तीवर नेऊन पाण्याचे काम दाखवण्यात आले. ते झालेले होते! मी त्या वस्तीवर कधी गेलेच नव्हते. नालीचे काम मात्र कोणाला दाखवता आले नाही. पुढच्या सभेत सांगू, असे उत्तर मिळाले. मी वाट पाहते आहे. आणि वाट पाहून थकले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज आहेच.

म्हणजे पाहा, फोटो पाठवला असता तर मी अर्धे खरे आणि अर्धे खोटे पसरवले असते. एका कामाबद्दल माणसांवर खोटा आळ आला असता, आणि त्या गोंधळात दुसऱ्या कामाचा खरा प्रश्न बुडून गेला असता. जाऊन विचारले म्हणून दोन्ही वेगळे झाले. माहिती आणि जाण यांत हेच अंतर आहे, असे मला वाटते. माहिती फोनवर येते. जाण मिळवायला वस्तीपर्यंत चालत जावे लागते.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखेच आहेत. घरातले पहिले वाचणारे. आपण जे वाचू ते घराला, गल्लीला खरे वाटते. निजामाच्या काळी जी सत्ता पटवाऱ्याच्या जिभेवर होती, ती आज नकळत आपल्या जिभेवर आणि आपल्या अंगठ्यावर येऊन बसली आहे. ती सत्ता लहान नाही. तिच्यापायी एका बाईच्या कपाळातून रक्त आले आणि राईनपाड्यात पाच घरे उघडी पडली. म्हणून माझी विनंती एवढीच : कोणी म्हणाले, "वाच गं जोरात," तर जरूर वाचा, पण वाचून झाल्यावर तेवढ्याच जोरात हेही सांगा, की 'हे कोणी लिहिले आहे ते यात नाही.'

प्राध्यापकांनाही एक नम्र सूचना. वर्षातून एकदा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाची पंचायतीची नोंद काढावी, ती कामे प्रत्यक्ष पाहावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत, असा उपक्रम घेता येणार नाही काय? त्याला पैसा लागत नाही. लागतात ते लटपटणारे पाय. आणि ते, मी अनुभवाने सांगते, एकदा उभे राहिले की सावरतात.

बिबे विकणारी ती बाई कधी तरी पुन्हा वेशीतून आत येईल, असे मला अजून वाटते. आली तर आज्जीच्या आधी मला पुढे व्हायचे आहे.