पेटीतल्या बाळाला ती पुडी देऊ नका

आईबाबांनो, आज्यांनो, मावश्यांनो, आणि मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या भावांनो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्रोबायोटिकची पुडी, थेंब किंवा कुपी आपल्या मनाने देऊ नका. हात जोडून सांगते.

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. परवा भेटीच्या वेळी एक बाबा पेटीशी उभे होते. बाळ २८ आठवड्यांचं, वजन ९८० ग्रॅम. दूध नाकातल्या नळीतून, एका वेळी २ मिली. बाबांच्या मुठीत घामाने मऊ पडलेली एक पुडी होती. शेजारच्या नातवाला जुलाबात लागू पडली म्हणून आजीने धाडलेली. "सिस्टर, दह्यासारखंच असतं ना? पोटाला चांगलं." त्या माणसाच्या डोळ्यांत मायेशिवाय काही नव्हतं. त्यांना बाहेर बाकावर बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. आपल्या आतड्यात ते बिनबोभाट राहतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं आतड्याचं अस्तर मात्र अजून पुरतं तयार झालेलं नसतं आणि प्रतिकारशक्ती तर नावालाच असते. तिथून जंतू रक्तात उतरला की तो 'चांगला' राहत नाही. २०२३ साली अमेरिकेत १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं एक बाळ असंच गेलं. त्याला प्रोबायोटिक दिलं होतं तेही रुग्णालयातच. जनुकीय तपासणीत त्याच्या रक्तातला जंतू आणि त्या औषधातला जंतू जुळले. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने देशभरच्या डॉक्टरांना इशारा दिला. त्याआधी २०१४ मध्ये एका पावडरीत बुरशी शिरली होती आणि त्या बुरशीने अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाचं आतडं ग्रासून त्याचा जीव घेतला.

मग प्रोबायोटिक वाईटच का? नाही, तसं मी म्हणणार नाही. आतडं सडवणारा एक भयंकर आजार या बाळांना होतो आणि काही अभ्यासांत प्रोबायोटिकने तो कमी झालेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या आणि आईच्या किंवा दात्या आईच्या दुधावर असलेल्या बाळांसाठी त्याचा विचार करता येईल असं म्हटलं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सरसकट देण्याच्या विरोधात आहेत. ज्यावर एवढी जाणती माणसं अजून एकमतावर आलेली नाहीत, तो निर्णय आपण दुकानात उभ्याउभ्या कसा घ्यायचा? ओडिशातल्या मोठ्या अभ्यासाचं नाव कोणी पुढे करतं. त्यात ४,५०० हून अधिक बाळं होती आणि जंतुसंसर्ग खरोखर घटला, पण ती सगळी किमान ३५ आठवड्यांची, २ किलोच्या वरची बाळं होती. पेटीतल्या ९८० ग्रॅमच्या जिवाला तो दाखला लागू नाही.

आणखी एक गोष्ट, जी घरच्यांच्या ध्यानात येणं कठीण. काही पुड्यांत यीस्ट असतं. पुडी फाडली की बारीक भुकटी हाताला लागते, हवेत उडते. बाळाच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असते, त्या नळीवाटे ते यीस्ट रक्तात गेल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. कधी शेजारच्या खाटेवरच्या, ज्याला पुडी दिलीच नव्हती अशा रुग्णाच्याही रक्तात. म्हणून वॉर्डात पुडी आणूच नका.

डॉक्टरांनी स्वतः सुचवलं, तर नि:संकोच विचारा: कोणता जंतू, माझ्या बाळाच्या वजनाला का, शुद्धतेची तपासणी झाली आहे का? हे विचारणं उद्धटपणा नाही. दुकानदार भावांनो, बाळ किती दिवसांचं, वजन किती, एवढं विचारल्याशिवाय पुडी हातात ठेवू नका.

आजीला काहीतरी द्यायचंच असतं, मला कळतं. तर सुनेला धीर द्या. तिचा चीक, अगदी अर्धा चमचा निघाला तरी, आम्हाला आणून द्या. त्या भयंकर आजारापासून आईचं दूध वाचवतं, हे पक्कं ठाऊक आहे. तिला दूध येत नसेल तर मिल्क बँकेची चौकशी करा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून ती आहे.

आणि कोणी आधीच पुडी दिली असेल, तर आत्ता, हे वाचून होताच डॉक्टरांना सांगा. रिकामं पाकीट टाकू नका, घेऊन या. यातले काही जंतू नेहमीच्या रक्ततपासणीत उगवतच नाहीत. काय शोधायचं ते कळलं तरच प्रयोगशाळा वेगळी तपासणी लावते. घरी आलेल्या बाळाचं पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, दूध ओढेना, अंग गार पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. कोण काय म्हणेल म्हणून लपवू नका. आमच्याकडे कोणी तुम्हाला रागावणार नाही, आम्ही फक्त विचारू: कधी दिली, किती दिली.