बाजारातला कॅमेरा प्रयोगशाळेत चालेल, पण अटीवर

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रकांविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली. यशवंतपूरला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी याचे स्वागत व्हावे हे स्वाभाविकच. परंतु साधन स्वस्त व सुलभ झाले, म्हणून मापन आपोआप विश्वसनीय होत नाही.

प्रकाशीय आकृती-ओळखीचे उदाहरण घ्यावे. १९६४ मध्ये व्हँडर लुग्ट यांनी मांडलेल्या पद्धतीत लेझर प्रकाशाचे फूरिये रूपांतर भिंगच करते. नमुना जुळला की तेजस्वी ठिपका उमटतो. त्याची जागा आणि तेज हेच उत्तर. ते टिपण्यास बाजारातला डिजिटल कॅमेरा पुरेसा ठरू शकतो.

अडचण अशी की हा कॅमेरा डोळ्यांना सुखावण्यासाठी घडवलेला असतो. जेपेग चित्रात तेजाचे प्रमाण वक्राकार बदललेले असते आणि प्रत्येक रंगाला २५६ पातळ्याच उरतात; १४ बिटांच्या रॉ नोंदीत त्या १६,३८४ असतात. शिवाय बायर जाळीमुळे हेलियम-निऑन लेझरचा तांबडा प्रकाश प्रामुख्याने एक चतुर्थांश बिंदूंवरच नोंदला जातो.

म्हणून रॉ नोंद, स्थिर उद्भासन आणि तेज-प्रतिसादाची रेषीयता तपासणे, या तीन गोष्टी शोधनिबंधात सक्तीच्या असाव्यात. त्या पाळल्या, तर तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगही प्रतिष्ठित संस्थेतील प्रयोगाइतकाच ग्राह्य मानावा. कॅमेऱ्याच्या किमतीवरून निष्कर्षाची पत ठरवणे विज्ञानाला शोभत नाही.